अस्त्र आवरणारा कोण?

गेल्या आषाढीच्या वारीत पुरंदवड्याचे रिंगण आटोपून पालखी माळशिरसला मुक्कामी आली. रात्री दिंडीच्या राहुटीत कीर्तन झाले, प्रसाद झाला, माणसे वळकट्या पसरू लागली, आणि एक तरुण आमच्यापाशी येऊन बसला. याचे वडील आमच्या दिंडीतले जुने विणेकरी. मुलगा शिकून इंजिनियर झाला, पुण्याकडे एका कारखान्यात नोकरीला आहे, पण वर्षातून दोन दिवस का होईना वारीत चालतो. दुपारी रिंगणाच्या वेळी चित्रे घेणारे ड्रोन डोक्यावर भिरभिरत होते, त्यावरून बोलणे निघाले. तो म्हणाला, “महाराज, आमच्याकडे असलीच, पण लढाईची विमाने करतात. माझे काम एवढेच की, वरून जे दिसते ते काय आहे, हे त्या यंत्राला ओळखता यावे. ट्रक आहे की ट्रॅक्टर, बंदूक आहे की कुदळ. पुढे त्याने काय करायचे ते मी ठरवीत नाही. मला पाप लागते का?”

आम्ही तेव्हा पटकन उत्तर देऊन बसलो. म्हटले, “अरे, लोहार कोयता घडवितो. त्या कोयत्याने कोणी ऊस तोडतो, कोणी माणूस तोडतो. त्याचे पाप लोहाराच्या माथी नाही. तू नि:शंक झोप.” त्याने नमस्कार केला आणि गेला. पण त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या पाठमोऱ्या चालण्यावरून आम्हांस कळले. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. कोयता उसाच्या फडात न्यावा की भावकीच्या भांडणात, हे कोयता ठरवीत नाही. या पोराचे यंत्र मात्र ते ठरवू पाहते. दृष्टांत चुकला होता. कीर्तनकाराचा दृष्टांत चुकला की रात्रभर झोप येत नाही, हे ज्याने नारदाची गादी चालविली त्यालाच ठाऊक.

शेजारीच दिंडीतले एक निवृत्त हवालदार पडले होते. ते कुशीवर वळून म्हणाले, “महाराज, पापपुण्याचे तुम्ही बघा. पण माझ्या डोळ्यांदेखत पोरे गेली आहेत. ती टेकडी एखादे यंत्र चढले असते, तर एखाद्या माउलीचे कुंकू राहिले असते.” या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. हे आरंभीच कबूल करून पुढे जातो.

भाविकांपैकी पुष्कळांना हा प्रकार नीट ठाऊक नसेल, म्हणून थोडी फोड करू. वैमानिक आत नसलेली विमाने आता जुनी झाली. अमेरिकेच्या असल्या विमानांचा चालक नेवाडा प्रांतातल्या एका खोलीत पडद्यापुढे बसतो आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला विमान हाकतो. लगाम लांब झाला, पण हातात आहे. आता जे चालले आहे ते निराळे. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत संगणकावरच्या लुटुपुटीच्या हवाई झुंजीत एका प्रोग्रॅमने कसलेल्या वैमानिकाला पाचपैकी पाचही वेळा हरविले. २ मे २०२४ रोजी त्या देशाचे हवाईदल-सचिव फ्रँक केंडॉल हे कृत्रिम बुद्धीने उडणाऱ्या एका एफ-१६ जातीच्या विमानात स्वतः बसून आले. आपल्याकडेही १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकात चित्रदुर्ग येथे डी.आर.डी.ओ.ने, आपले आपण उडून आपले आपण उतरणारे विमान उडवून दाखविले. उडणे-उतरणे आपले आपण झाले, यात कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न उभा राहतो तो मारण्याचा.

आणि मारण्याचा निर्णयही यंत्राकडे का जाऊ लागला, याचे कारण साधे आहे. दूर बसलेल्या माणसाचा हुकूम रेडिओच्या लहरींवरून जातो, आणि शत्रू त्या लहरी बुजवून टाकतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी हे इतके चालले की, शेवटच्या टप्प्यात माणसाच्या हुकमाची वाट न पाहता यंत्राने आपणच निशाण धरून जावे, अशी सोय होऊ लागली. म्हणजे लगाम तुटणारच असेल तर घोड्यालाच शहाणा करा, असा हा विचार. रिंगणात माउलींच्या अश्वाच्या पाठीवर कोणी दिसत नाही, तरी ती पाठ रिकामी आहे असे आपण मानीत नाही. या घोड्याची पाठ मात्र खरोखरीच रिकामी.

आम्ही लहानपणी पाठशाळेत व्याकरण शिकलो. गुरुजी करड्या शिस्तीचे, कारकप्रकरण चुकले की बोटांवर छडी. त्यांचे नेहमीचे उदाहरण असे: रामाने बाणाने वालीला मारले. यात राम कर्ता, वाली कर्म आणि बाण करण. पाणिनीच्या मते जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया साधण्यात जे सर्वांत उपकारक ते करण. तेव्हा ही घोकंपट्टी आम्हांस कोरडी वाटे. साठी उलटल्यावर कळते की, सगळे धर्मशास्त्र त्या तीन विभक्तींत बसले होते.

या नव्या विमानांना वर्तमानपत्रे ‘स्वायत्त’ असे विशेषण लावतात. हा शब्द आम्हांस फार खटकला. स्वायत्त म्हणजे आपल्या स्वतःच्या अधीन, म्हणजे स्वतंत्र, म्हणजे पाणिनीच्या हिशेबाने कर्ताच की! मग वाक्य असे होते की, बाणाने वालीला मारले आणि राम वाक्यातून निघून गेला. बरे, असे वाक्य झाले तर बिघडले काय? वालीची गोष्ट आठवा. बाण लागून पडलेला वाली मरता मरता रामाला विचारतो की, मी दुसऱ्याशी झुंजत असताना तू मला आडून का मारलेस? आणि प्रत्यक्ष रामाला तेथे उभे राहून उत्तर द्यावे लागते. ते उत्तर पुरते पटते की नाही, यावर पंडित आजवर वाद घालतात, आणि आम्हीही घातला आहे. पण रामाने उत्तर देण्याचे टाळले नाही. मरणाऱ्याला विचारण्याचा अधिकार होता आणि मारणाऱ्यावर उत्तराचे ऋण होते. बाणाला वाली काय विचारणार?

कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही शब्दांत अडकला, यंत्र हे करणच आहे, नाव काही का असेना. मान्य. मग कर्ता दाखवा. विमान सोडणारा म्हणतो, मी सोडले, पण कोणाला मारायचे ते मी निवडले नाही. घडविणारा म्हणतो, मी ओळखायला शिकविले, मारायला पाठविले नाही. ज्या सरकारने ते विकत घेतले ते म्हणते, हुकूम सेनापतीचा. सेनापती म्हणतो, यंत्राने दाखविले. गावात पाटलाच्या विहिरीतला पोहरा हरवला की अशीच उत्तरे येतात. पोहरा सापडत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्माला हात पुष्कळांचे लागतात, हे तेथे उघड मान्य केले आहे. पण पाचांत कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली नाही.

आता महाभारताकडे येऊ. सौप्तिकपर्वातली कथा आपण शंभरदा ऐकली आहे, पण या विषयाच्या उजेडात ती पुन्हा ऐकण्यासारखी आहे. रात्री झोपलेल्या पांडवांच्या शिबिरात शिरून अश्वत्थाम्याने द्रौपदीचे पाचही मुलगे मारले. भीम त्याच्या पाठीवर गेला, मागोमाग कृष्ण आणि अर्जुन. गंगेच्या तीरी व्यासांजवळ अश्वत्थामा सापडला, आणि सापडला तसा त्याने एक गवताची काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना केली, पांडव उरू नयेत म्हणून. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले. पण सोडताना त्याने आधी गुरुपुत्राचे कल्याण चिंतिले, मग आपले आणि भावांचे, आणि इच्छा एवढीच धरली की अस्त्राने अस्त्र शमावे. दोन आगी समोरासमोर आल्या. तेव्हा नारद आणि व्यास मध्ये जाऊन उभे राहिले आणि दोघांनाही म्हणाले, आवरा. अर्जुनाने आवरले. अश्वत्थाम्याला आवरता येईना. त्याने सोडणे शिकले होते, मागे घेणे त्याला साधत नव्हते. ते साधायला व्रतस्थ चित्त लागते, असे तेथे सांगितले आहे. मग सुटलेले अस्त्र कोठे तरी पडायलाच हवे, म्हणून ते त्याने पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर टाकले. जन्माला न आलेल्या परीक्षितीवर.

अस्त्र दोघांचे एकच, मंत्र एकच, गुरूही एकच. फरक एवढाच की, एकाच्या हाती उपसंहार होता. आमचे जुने लोक अस्त्रविद्येत प्रयोग आणि उपसंहार अशी दोन अंगे सांगत. दुसरे न येणाऱ्याला पहिले शिकवू नये, असा दंडक होता. द्रोणाने हा दंडक मोडला. त्याने अस्त्र आधी अर्जुनाला दिले होते. मुलाने हट्ट धरला तेव्हा मन नाराज असताना त्यालाही दिले, आणि वर ताकीद दिली की माणसांवर हे कधी टाकू नकोस. ताकीद मुलाच्या कानात राहिली. अस्त्रात काही ती शिरली नाही.

येथे समोरून जोरदार आक्षेप येतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. अश्वत्थामा यंत्र होता काय? माणूसच होता. बापाच्या वधाने पेटलेला, सूडाने आंधळा. यंत्राला सूड नाही, भीती नाही, झोप नाही, दारू नाही. मग यंत्र अश्वत्थाम्यापेक्षा बरेच नाही का? असे म्हणणारे विद्वान परदेशांत आहेत आणि त्यांचे म्हणणे पोरकट नाही. माणूस मध्ये असला म्हणजे सर्व ठीक होते, असेही नाही. २९ ऑगस्ट २०२१ चे काबूलचे उदाहरण पाहा. तीन दिवस आधी विमानतळावर मोठा घातपात होऊन अमेरिकेचे तेरा सैनिक आणि कितीतरी अफगाण लोक ठार झाले होते. मने तापलेली. अशा वेळी अमेरिकेच्या ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर सुमारे आठ तास नजर ठेवली. मोटारीत पाण्याचे डबे चढविले जात होते, ते स्फोटके समजले गेले. मारा झाला. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले. मोटार चालविणारा एका मदतसंस्थेत काम करणारा माणूस होता. त्या देशाच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याने पहिल्या दिवसांत या माऱ्याला धर्म्य म्हटले. १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली, आणि डिसेंबरात असे ठरले की कोणालाही शिक्षा नाही.

आठ तास माणसेच पाहत होती. मग माणसाने काय राखले? हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळला. आम्हांस वाटते, तेथे माणूस होता, पण कर्ता म्हणून नव्हता. पडद्यावर जे दाखविले गेले त्याला मान डोलावणारा, करणाचा एक भाग होऊन तो बसला होता. खुर्चीत माणूस बसविला म्हणजे काम भागले, असे जे म्हणतात त्यांनी काबूल विसरू नये. तथापि एक गोष्ट काबुलात उरली. सत्य बाहेर आल्यावर कोणाला तरी पुढे येऊन चुकलो म्हणावे लागले. शिक्षा झाली नाही, हा अन्याय. पण जाब विचारायला समोर तोंड तरी होते. ते तोंडही उद्या राहणार नाही, ही आमची भीती आहे.

आणि माणूस खराखुरा कर्ता असला म्हणजे काय होते, त्याचीही एक कथा आहे. पुराणातली नव्हे, रशियातली. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र. मॉस्कोच्या दक्षिणेस जमिनीखालच्या एका ठाण्यावर स्टॅनिस्लाव पेट्रोव्ह नावाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले तर उपग्रहांवरून कळावे, अशी तेथे यंत्रणा. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला रशियाने कोरियाचे एक प्रवासी विमान पाडले होते, २६९ माणसे गेली होती. दोन्ही देश एकमेकांकडे दात ओठ खाऊन पाहत होते. अशा रात्री भोंगा वाजला. पडद्यावर आले की क्षेपणास्त्र सुटले. मग दुसरे, तिसरे, एकूण पाच. यंत्राने सांगितले, खात्री पक्की. पेट्रोव्हचे काम वर कळविण्याचे, आणि वरून काय हुकूम सुटला असता हे सांगायला नको. त्याने विचार केला की, सगळे जग पेटविणारा पाचच काड्या कशाला ओढील? शिवाय ही यंत्रणा नवी आहे. त्याने वर कळविले की इशारा खोटा आहे. आपल्याला खात्री नव्हती, हे त्यानेच पुढे सांगितले. मग ती मिनिटे गेली आणि काही झाले नाही. उंच ढगांवर पडलेले ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखे दिसले होते. या माणसाला शाबासकी मिळाली नाही. नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली. २०१७ मध्ये तो वारला.

हा माणूस हुशार होता म्हणून थांबला, असे आम्हांस वाटत नाही. यंत्रही हिशेबात हुशारच होते. जे होणार त्यात आपलेही घर आहे, आपलाही हात आहे, हे त्याला कळत होते. त्यामुळे त्याचा हात जड झाला. आपण व्यवहारात म्हणतो, हात उचलवेना. यंत्राचा हात कधी जड होत नाही, कारण उद्या सकाळी त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो. सूड नाही हा त्याचा गुण म्हणावा, तर त्याच पेटीत अनुतापही नाही. दोन्ही एकाच अंतःकरणातून येतात, एक उपटले की दुसरे जाते.

हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. लिबियातल्या यादवीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाचा एक अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० साली माघार घेणाऱ्या सैनिकांचा आणि त्यांच्या सामानाच्या गाड्यांचा अशा यंत्रांनी पाठलाग केला, असे त्यात लिहिले आहे. त्यांत तुर्कस्तानात बनलेले कारगू-२ होते. चालकाशी संदेशाचा धागा नसतानाही त्याने हल्ला करावा, अशी त्याची योजना केलेली होती. त्याने आपल्या आपण कोणाचा जीव घेतला असे अहवाल सांगत नाही. पण माघार घेणारे, हा शब्द वाचून आम्हांस भीष्मपर्वाचा आरंभ आठवला. तेथे युद्धाआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले आहेत: पाठ फिरविलेल्यावर, शस्त्र गमावलेल्यावर, शरण आलेल्यावर वार करू नये, सारथी आणि शंख-भेरी वाजविणारे यांना मारू नये. (पुढे त्यांतले बहुतेक मोडले, हा भाग निराळा, मोडले हे मोडणाऱ्यांना माहीत होते.) आजच्या कायद्यात पळणाऱ्याला हे अभय नाही, पण शरण आलेल्याला आहे, जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या जोडकरारात तसे कलम आहे. आता विचार करा. एका माणसाने दोन्ही हात वर केले. तो शरण आला की दगड फेकतो आहे की विठ्ठल विठ्ठल म्हणतो आहे? दोनशे हातांवरून बघणाऱ्या यंत्राला हे तिन्ही हात सारखेच.

या विषयावर राष्ट्रांत चर्चा चालू आहे. जिनीव्हा येथे २०१९ साली अकरा तत्त्वे सर्वांनी मान्य केली. जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्यांतले एक. त्या चर्चेचे आरंभीचे अध्यक्ष भारताचेच राजदूत होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या शस्त्रांविषयी ठराव आला. १५२ देश अनुकूल, चार विरुद्ध. त्या चारांत भारत होता. हा विषय जिनीव्हाच्या मंडळातच चालावा, असे आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे. राजकारणातली ही गणिते आम्हांस अगदीच कळत नाहीत असे नव्हे. शेजार कसा आहे हे ठाऊक आहे, मे २०२५ मध्ये सरहद्दीवर दोन्हीकडची ड्रोन उडालेली सर्वांनी पाहिली. तरीपण त्या चारांच्या यादीत आपले नाव वाचून बरे वाटले नाही.

बरे वाटले ते दुसऱ्या एका बातमीने. नागपुरात बनलेले नागास्त्र-१ नावाचे यंत्र २०२४ पासून सैन्याकडे जाऊ लागले. ते लक्ष्यावर जाऊन आदळते आणि फुटते. पण मोहीम रद्द झाली तर ते परत बोलावून छत्रीच्या साह्याने खाली उतरविता येते. कोणी तरी उपसंहार आठवला! शस्त्र ते शस्त्रच, त्याचे कौतुक करणे आमच्या तोंडी शोभत नाही. पण घडविणाराच्या हाती काय असते, ते यावरून दिसले.

म्हणून कार्तिकीच्या आधी आम्ही त्या विणेकऱ्यांच्या मुलाला फोन केला. म्हटले, “बाळा, माळशिरसला तुला लोहाराचा दृष्टांत दिला तो चुकला. लोहार कोयत्यात लोखंड घालतो, तू त्यात डोळा घालतो आहेस. तू लोहार नाहीस, तू द्रोणाच्या जागी आहेस.” तिकडे काही क्षण शांतता. आम्ही विचारले, “तुमचे विमान सोडल्यावर परत बोलावता येते का?” तो म्हणाला, “सिग्नल असेपर्यंत येते, महाराज.” “आणि सिग्नल तुटला तर?” “तर दिलेले निशाण धरून पुढे जाते.” “तुटला की माघारी फिरावे, असे नाही करता येत?” तो म्हणाला, “येते की. पण मग शत्रू नुसत्या लहरी बुजवील आणि आमची सगळी विमाने माघारी येतील. ती घेणार कोण?” आम्ही म्हटले, “हे तू साहेबांना विचारलेस का?” तो म्हणाला, “असे कोणी विचारीत नाही, महाराज. विचारून बघतो.”

हे बोलणे आम्ही हवालदारांना सांगितले. वाटले, ते म्हणतील की माघारी येणारे विमान काय कामाचे. ते बराच वेळ तुळशीची माळ चाचपीत बसले. मग म्हणाले, “त्याला माघीला पंढरीस घेऊन या. मला त्याच्याशी बोलायचे आहे.”